गाणं शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतं कसं? स्टेडियम कॉन्सर्टमागचा कारभार

रविवार, २२ सप्टेंबर २०२४. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमाची तिकिटं दुपारी बारा वाजता बुकमायशोवर खुली व्हायची होती. बारा वाजायच्या आधीच साइट आणि अ‍ॅप दोन्ही झोपली. ती उठल्यावर जे आत शिरले त्यांना रांगेतला आपला नंबर दिसला तो थेट लाखांत. कंपनीने पुढे आकडा सांगितला: १ कोटी ३० लाखांहून जास्त लोक तिकीट घ्यायला आले होते. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये माणसं मावतात साधारण ५५ हजार. दोनाचे तीन कार्यक्रम केले, १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५, तरी हिशेब दीड लाखाच्या आसपासच घुटमळणार.

तिकिटं २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत होती. ‘गाणी तर फोनवर फुकट ऐकता येतात, मग एवढे पैसे कशाचे?’ हा प्रश्न तेव्हा कॉलेजात जाणारी मुलं असलेल्या घरांत हमखास निघाला. प्रश्न रास्त आहे. चार माणसं स्टेजवर गातात-वाजवतात. ते दीडशे मीटर लांब, वरच्या स्टँडमध्ये बसलेल्या माणसाला नीट ऐकू यावं, दिसावं, आणि ‘मी तिथे होतो’ असं त्याला मनापासून म्हणता यावं, यासाठी स्टेडियम कॉन्सर्टचं बहुतेक सगळं तंत्र जन्माला आलं. पुढच्या वीस रांगांसाठी एवढा खटाटोप लागत नाही. पण पुढच्या वीस रांगांच्या तिकिटांवर असा दौरा चालतही नाही.

१९६५: गाणं होतं, ऐकू येत नव्हतं

स्टेडियममध्ये पॉप बँड वाजवण्याची मोठी सुरुवात १५ ऑगस्ट १९६५ ची धरतात. न्यू यॉर्कचं शे स्टेडियम, बीटल्स आणि ५५,६०० प्रेक्षक. गिटारींसाठी खास बनवलेले १०० वॉटचे अ‍ॅम्प्लिफायर होते. तेव्हा ते मोठे वाटत. आज एखाद्या मंगल कार्यालयातही याहून जास्त वॉट सापडतील. गाणाऱ्यांचा आवाज गेला तो बेसबॉल सामन्यात ‘पुढचा फलंदाज कोण’ हे सांगायच्या भोंग्यांमधून. किंचाळणाऱ्या हजारो पोरींपुढे त्या यंत्रणेचा टिकाव लागला नाही. प्रेक्षकांना गाणं ऐकू येत नव्हतं आणि स्टेजवरच्या चौघांना एकमेकांचं वाजवणं. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९६६ ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमधल्या कार्यक्रमानंतर बीटल्सनी दौरे बंद केले. कारणं अनेक होती, पण आपलंच गाणं आपल्याला ऐकू न येणं हे त्यातलं एक नक्की.

आवाज नुसता मोठा करून भागत नाही. एका साध्या स्पीकरपासून अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाचा जोर मोजायचं एकक) उतरतो. म्हणजे मागच्यांना पुरेसा आवाज द्यायचा तर पुढच्यांचे कान फुटतील एवढा तो स्टेजपाशी हवा. यावर आज सगळीकडे दिसणारा तोडगा म्हणजे लाइन अ‍ॅरे: स्टेजच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘J’ अक्षरासारखी वळलेली, एकाखाली एक टांगलेल्या स्पीकरच्या पेट्यांची माळ. फ्रान्सच्या क्रिस्तियाँ हाइल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत मोठ्या कार्यक्रमांत रुळवली. पेट्या अचूक अंतराने एका रेषेत लावल्या की त्यांचे आवाज एकमेकांत मिसळून एकच लांबट लाट तयार होते. ती आडवी पसरते, वर-खाली फार सांडत नाही. अशा लाटेचा आवाज, काही अंतरापर्यंत तरी, दुप्पट अंतराला ३ डेसिबलच उतरतो. माळेतल्या वरच्या पेट्यांचं तोंड शेवटच्या रांगेकडे असतं आणि त्या जास्त जोरात चालतात. खालच्या, वळलेल्या पेट्या पुढच्यांसाठी असतात, हळू आवाजात.

तरीही एक अडचण उरतेच, आणि ती पैशाने सुटत नाही. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १०० मीटरवर बसलेल्याला ड्रमवर पडलेली काठी आधी दिसते आणि आवाज जवळजवळ तीन दशांश सेकंदाने येतो. मैदानाच्या मध्यावर जे उंच खांब दिसतात आणि ज्यांच्यामुळे मागच्यांना स्टेज अर्धवट दिसतं, त्यांना डिले टॉवर म्हणतात. त्यांवर आणखी स्पीकर असतात. पण स्टेजवरून तारेने गेलेला सिग्नल तिथे क्षणात पोहोचतो, तर हवेतून येणारा आवाज रमतगमत. दोन्ही जसेच्या तसे सोडले तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. म्हणून ७० मीटरवरच्या टॉवरचा आवाज मुद्दाम ०.२ सेकंद रोखून धरतात, आणि त्यावर आणखी काही मिलिसेकंद. ही वरची सूट मेंदूला फसवण्यासाठी: एकच आवाज दोन दिशांनी आला तर जो आधी येतो तिकडूनच तो आला असं आपण समजतो. त्यामुळे आवाज मोठा करतोय टॉवर, पण गातोय मात्र स्टेजवरचा माणूस, असंच वाटतं. मला या सगळ्या प्रकारातली ही सर्वांत सुंदर लबाडी वाटते.

त्यात हवामान लुडबुड करतं. तापमान एक अंशाने उतरलं की ध्वनीचा वेग सेकंदाला ०.६ मीटरने कमी होतो. दुपारच्या उन्हात लावलेली मापं रात्री थोडी चुकतात, म्हणून साउंड इंजिनियर संध्याकाळी ती पुन्हा तपासतात. वारा सुटला की बारीक, तीक्ष्ण आवाज इकडेतिकडे उडतात. वरच्या स्टँडमध्ये गाणं ‘येतं-जातं’ असं वाटतं ते यामुळे.

खालच्या पट्टीतले, छातीत घुमणारे आवाज उडत नाहीत. त्यांची तऱ्हा उलटी: ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या, लाटेची लांबी सातेक मीटर असते, ती भिंतीला वळसा घालून पुढे जाते. आजूबाजूच्या इमारतींत गाण्याचा शब्द एक कळत नाही, फक्त धप्‌धप् ऐकू येते आणि खिडकीची काच थरथरते ती याच लाटांमुळे.

स्टेजवरच्यांचा त्रास वेगळा असतो. समोरच्या स्टँडवर आपटून परत आलेला आपलाच आवाज त्यांना अर्धा-पाऊण सेकंद उशिरा ऐकू येतो. त्या तालावर वाजवायला गेलं तर गाणं कोलमडलंच. म्हणून सगळ्यांच्या कानात बोंडं असतात, इन-इअर मॉनिटर. त्यात स्वतःचं गाणं, सोबत्यांचं वाजवणं आणि बहुतेक वेळा एक ठराविक टिक-टिक असते. त्या टिक-टिकला नुसता ड्रमर बांधलेला नसतो. पडद्यावरची दृश्यं, दिवे, फटाके, कागदाचे कपटे उडवणारी यंत्रं, सगळी त्याच घड्याळावर चालतात. ‘सगळे कार्यक्रम सारखेच वाटतात’ ही तक्रार खरी असते ती इथे. गायकाने मध्येच एखादं कडवं जास्त घ्यायचं ठरवलं तर आवाज-दिव्यांच्या कन्सोलवर, म्हणजे बटणांच्या फळ्यांवर, बसलेल्या कितीतरी जणांच्या पोटात गोळा येतो.

हातातला दिवा

ऐकू आलं. आता दिसायचं काय? इतक्या लांबून माणूस नखाएवढा दिसतो, त्यामुळे शेवटच्या रांगेतला प्रेक्षक बहुतेक वेळ पडद्याकडेच बघत असतो. कोल्डप्लेने २०१२ च्या दौऱ्यापासून वेगळी युक्ती वापरली: लांबच्या माणसाला स्टेज दाखवता येत नसेल तर त्यालाच देखावा करा. प्रवेश करताना प्रत्येकाला मनगटावर बांधायला दिव्यांचा पट्टा मिळतो आणि गाण्यानुसार ५० हजार पट्टे रंग बदलतात.

बऱ्याच जणांना वाटतं की प्रत्येक पट्ट्याला आपण कुठल्या खुर्चीत आहोत हे ठाऊक असतं. तसं नसतं, निदान सध्याच्या पट्ट्यांत तरी. ते बनवते कॅनडातल्या माँट्रिअलची पिक्समॉब ही कंपनी. पट्ट्यात एक छोटा सेन्सर असतो, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो त्या जातीचा अदृश्य, अवरक्त प्रकाश ओळखणारा. वरून तोच प्रकाश फेकणारे झोत हलत असतात. ज्या पट्ट्यावर झोत पडेल तो सांगितलेला रंग धरतो. स्टँडवरून लाल लाट सरकताना दिसते तेव्हा प्रत्यक्षात एक न दिसणारा झोत सरकत असतो. कोणी हात जाकिटात घातला असेल तर त्याचा पट्टा अंधारात राहतो, बस्स.

हे पट्टे परत घेऊन, साफ करून पुढच्या शहरात वापरतात. कोणत्या शहराने किती टक्के परत केले हे पडद्यावर दाखवतात आणि लोक ईर्ष्येने परत करतात. बँडने जून २०२४ मध्ये सांगितलेली सरासरी ८६ टक्के होती.

स्टील, ट्रक आणि भाकड दिवस

आता पैशाकडे. इथे अरिना आणि स्टेडियम यांतला फरक कळला की बरंच कळतं.

अरिना म्हणजे छप्पर असलेलं, पंधरा-वीस हजार प्रेक्षकांचं बंदिस्त सभागृह. त्याच्या छताला किती वजन कुठे टांगता येईल हे आधीच ठरलेलं असतं. आपल्या नाटकाचा सेट प्रयोग संपला की रात्रीच बसवर चढतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावच्या नाट्यगृहात उतरतो, कारण रंगमंच, विंगा, पडदे तिथे असतातच. अरिनाचा दौरा त्याच चालीने जातो. सकाळी ट्रक येतात, दुपारपर्यंत दिवे आणि स्पीकर छताला चढतात, रात्री कार्यक्रम, आणि पहाटेच्या आत ट्रक वाटेला लागलेले.

स्टेडियममध्ये यातलं काहीच नसतं. असतं ते मोकळं मैदान, वर आकाश आणि खाली कुणाच्या तरी जिवापाड जपलेलं गवत. आधी गवतावर कडक प्लास्टिकच्या लाद्या अंथरायच्या, मग क्रेनने स्टीलचा सांगाडा उभा करायचा, कारण टनावारी स्पीकर आणि पडदे टांगायला आधार तर हवा. यात काही दिवस जातात, उतरवायलाही जातात.

मग रोज वेगळ्या शहरात कार्यक्रम कसे होतात? सांगाडे एकाहून जास्त असतात म्हणून. यूटू या आयरिश बँडच्या २००९ ते २०११ च्या ३६० अंशांच्या दौऱ्यात ते तीन होते. पन्नासेक मीटर उंचीचा, चार पायांचा, खेकड्याच्या नांगीसारखा तो प्रकार वास्तुरचनाकार मार्क फिशर आणि दिग्दर्शक विली विल्यम्स यांच्या डोक्यातला. एक नांगी आजच्या शहरात, दुसरी पुढच्या शहरात उभी राहतेय, तिसरी मागच्या शहरात उतरतेय. पडदे, दिवे, वाद्यं मात्र एकाकडून दुसरीकडे पळवायची. नांगी मैदानाच्या आत उभी असल्याने चारही बाजूंची तिकिटं विकता आली. एरवी स्टेजच्या मागचे स्टँड फुकट जातात.

यूटूचे मॅनेजर पॉल मॅकगिनेस यांनी एक आकडा उघड केला होता: कार्यक्रम असो वा नसो, रोजचा खर्च साडेसात लाख डॉलर. या दौऱ्याचे ११० कार्यक्रम झाले, ७२ लाख तिकिटं गेली, ७३.६ कोटी डॉलर जमले, तेव्हाचा तो विक्रम होता. पण त्या रोजच्या खर्चाकडे पाहिलं की दौऱ्याची आखणी अशीच का हे समजायला लागतं. भाकड दिवस परवडत नाही. मे २०१० मध्ये यूटूचा गायक बोनो याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली आणि अमेरिकेतले कार्यक्रम वर्षभर पुढे गेले. त्याचा फटका किती बसला असेल याचा अंदाज वाचकानेच करावा.

एकदा सांगाडा उभा केलाच आहे तर त्याच शहरात जितक्या रात्री काढता येतील तितक्या काढाव्यात, हे त्यातून ओघानेच येतं. कोल्डप्लेने २०२२ मध्ये ब्यूनोस आयरीसला एकाच स्टेडियममध्ये दहा रात्री केल्या, २०२५ मध्ये लंडनच्या वेम्ब्लीत पुन्हा दहा. आपल्याकडे तिसरा कार्यक्रम वाढवला तेव्हा ‘चाहत्यांचं प्रेम’ वगैरे बातम्या आल्या. प्रेम होतंच, पण उभं राहिलेलं स्टेज तिसऱ्या रात्री फार स्वस्त पडतं, हेही होतं. मधली २० तारीख मोकळी सोडली ती गळ्याला विश्रांती हवी म्हणून असावी. स्टील थकत नाही, गायक थकतो.

भारत अशा दौऱ्यांत फार काळ नव्हता याची मुळंही इथेच आहेत. एका देशासाठी एवढं सामान आणणं जुळत नाही, वाटेवर आणखी मोठी शहरं लागतात. कोल्डप्ले जानेवारी २०२५ मध्ये आधी अबू धाबीत चार कार्यक्रम करून इथे आले आणि इथून अहमदाबादला गेले. २५ आणि २६ जानेवारीचे ते दोन कार्यक्रम नरेंद्र मोदी स्टेडियममध्ये, दर रात्री लाखाहून अधिक प्रेक्षकांपुढे झाले. सामान देशात तात्पुरतं येतं-जातं, त्यासाठी कार्नेट नावाचा कागद असतो: पेटीपेटीत काय आहे याची नगवार यादी. आत आलेला प्रत्येक नग बाहेर गेलेला दिसला पाहिजे, नाहीतर त्यावर आयात शुल्क भरा.

दुसरं कारण म्हणजे आपल्याकडे अरिना जवळजवळ नाहीतच. वरळीचा डोम त्या मानाने छोटा. म्हणून जे बँड बाहेर बंदिस्त अरिनांत वाजवतात ते मुंबईत येऊन बांद्रा-कुर्ला संकुलातल्या मैदानांवर किंवा महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवतात, तेही पावसाळा टाळून. डी. वाय. पाटीलवर २०१७ मध्ये जस्टिन बीबर आला, डिसेंबर २०१९ मध्ये यूटू. क्रिकेटच्या तारखा आणि पावसाळा वजा केला तर अशा मैदानाचे मोकळे आठवडे बोटांवर मोजण्याइतके उरतात.

आणि रात्रीचे दहा. ध्वनी प्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सण-सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस गणपती-नवरात्रातच बहुतेक संपतात. त्यामुळे परदेशात नऊला सुरू होणारी गोष्ट इथे अंधार पडता पडता सुरू करावी लागते.

तिकीट

१ कोटी ३० लाख लोक आणि दीड लाख जागा. किंमत लावून ही दरी बुजवायची झाली तर तिकीट लाखाच्या घरात जाईल. बँडला तसं करायचं नसतं, कारण मग मैदानात नाचणारं कुणी उरत नाही. मग तिकीट बाजारभावाहून स्वस्त राहतं, आणि स्वस्त राहिलं की मधला फरक खिशात घालायला दलाल उभे राहतात. नवी मुंबईची तिकिटं काही तासांत दुसऱ्या साइटवर लाखांच्या भावाने दिसली ती अशी. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी सुरू केली. उच्च न्यायालयात जनहित याचिकाही गेली. जानेवारी २०२५ मध्ये ती फेटाळली गेली, कायदा करणं न्यायालयाचं काम नाही या मुद्द्यावर. तोवर कार्यक्रम आठवड्यावर आला होता.

कोल्डप्लेची यावरची एक युक्ती मात्र मला हुशारीची वाटते. त्यांची ‘इन्फिनिटी’ तिकिटं असतात, भारतात २,००० रुपयांना एक, जोडीनेच घ्यायची. जागा कुठली ते कार्यक्रमाच्या दिवशी खिडकीवर तिकीट घेताना कळणार: स्टेजपुढे उभं राहायलाही मिळेल, वरच्या टोकालाही. जे विकतोय ते काय आहे हेच दलालाला माहीत नाही, आणि तिकीट हातातही नाही. अशी तिकिटं थोडीच असतात, त्यामुळे दरी बुजत नाही. पण दलाली मारायला कायद्यापेक्षा अनिश्चितता कामाला आली, एवढं खरं.

घरी कसं जायचं

गाणं पोहोचवणं जमलं, पण माणसं? सप्टेंबर २०२५ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी संप जाहीर केला तेव्हा कोल्डप्लेला वेम्ब्लीच्या ७ आणि ८ तारखेच्या रात्री हलवून ६ आणि १२ ला न्याव्या लागल्या. रेल्वे नसताना ८२ हजार लोकांना सुखरूप आणणं-नेणं शक्य नाही, म्हणून परवानाच मिळणार नव्हता. बँड तयार, स्टेज उभं, तिकिटं संपलेली, आणि निर्णय रेल्वेच्या हातात. नेरूळला हार्बर लाइन आहे, शेजारून सायन-पनवेल महामार्ग जातो. तरी जानेवारी २०२५ मध्ये कार्यक्रमांच्या दिवशी शहरात अवजड वाहनांना बंदी घालावी लागली होती. अहमदाबादसाठी पश्चिम रेल्वेने मुंबईहून जादा गाड्या सोडल्या.

या प्रवासाचा आणखी एक हिशेब आहे. पर्यावरणाला कमी झळ बसेल असा दौरा आखता येईपर्यंत थांबू, असं सांगून २०१९ मध्ये कोल्डप्लेने दौरे थांबवले होते. २०२२ मध्ये निघाले ते २०१६-१७ च्या दौऱ्याच्या निम्मंच कार्बन उत्सर्जन ठेवण्याचं ठरवून. जून २०२४ मध्ये त्यांनी सांगितलं की दर कार्यक्रमामागे ५९ टक्के घट झाली. आकडे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या पर्यावरण विभागाने तपासले होते. बीएमडब्ल्यूच्या जुन्या बॅटऱ्यांतून वीज, प्रेक्षकांच्या उड्यांवर वीज करणारी जमीन, पायडल मारायच्या सायकली, असं बरंच त्यात आहे. उड्या आणि सायकलींतून निघते ती छोट्या स्टेजपुरती वीज, त्यांचं खरं काम प्रेक्षकांना सहभागी वाटावं हेच. मोठी बचत बॅटऱ्या, इंधन आणि सामानाची ने-आण यांतली.

पण ५९ टक्क्यांत मोजलंय ते कार्यक्रमाचं उत्पादन, मालवाहतूक, बँड आणि कर्मचाऱ्यांचा प्रवास. प्रेक्षकांचा प्रवास त्यात नाही, आणि अशा कार्यक्रमांच्या उत्सर्जनात बहुधा सर्वांत मोठा वाटा त्याचाच असतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅक या बँडने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच गावात एक कार्यक्रम केला तेव्हा जवळपासच्या पिनकोडवाल्यांना आधी तिकिटं विकली आणि रात्रीच्या जादा गाड्यांची सोय केली. ते एका मैदानापुरतं जमतं. जानेवारी २०२५ मध्ये मात्र नागपूर, बंगळूर, दिल्लीहून लोक विमानाने मुंबईत उतरत होते, आणि मुंबईत तिकीट न मिळालेले मुंबईकर त्याच आठवड्यात अहमदाबादच्या विमानात बसत होते, दोन हजारांच्या तिकिटासाठी दहा हजारांचा प्रवास करून.